कुटुंबनियोजन सेवेचा दर्जा आणि स्त्रियांची गळती कशी मोजावी?

आपल्या दवाखान्यात ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनचा पहिला डोस घेतलेल्या अनेक स्त्रिया दुसऱ्या डोसला येत नाहीत, तेव्हा सेवेचा दर्जा घसरला असे समजावे का, असे आपण विचारले आहे. अशा नोंदी तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. नुसत्या गळतीच्या आकड्यावरून तसा निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब तपासा. मासिक अहवालातील दुसऱ्या डोसच्या संख्येला त्याच महिन्यातील पहिल्या डोसच्या संख्येने भागले, तर नव्याने येणाऱ्या स्त्रिया वाढताच गळतीही वाढल्यासारखी दिसते. त्याऐवजी जानेवारीत पहिला डोस घेतलेल्यांची नावे नोंदवहीतून वेगळी काढावीत आणि त्यांपैकी किती जणींनी दुसरा डोस वेळेत घेतला, ते पाहावे. हा डोस तीन महिन्यांनी द्यायचा असला, तरी चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, म्हणून मोजणी मे महिना उलटल्यावरच करावी. बीडकडची ऊसतोडीला गेलेली किंवा बाळंतपणाला माहेरी आलेली बाई पुढचा डोस दुसऱ्या केंद्रात घेते आणि आपल्या वहीत ती ‘गळालेली’ दिसते. तिच्या कार्डावरील तारखा आशाताईंकडून विचारून घेतल्याशिवाय तो रकाना भरू नये.

त्यानंतर कारण विचारावे. मूल हवे म्हणून थांबलेली किंवा इंजेक्शन सोडून ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ लागलेली स्त्री हे सेवेचे अपयश नव्हे. पाळी लांबली, मध्येच अंगावरून रक्त जाऊ लागले आणि असे होऊ शकते हे कुणी सांगितलेच नव्हते म्हणून घाबरून जी थांबली, ती मात्र आपल्या समुपदेशनातील उणीव दाखवते. यासाठी तीन प्रश्न जगभर वापरले जातात: इतर साधनांची माहिती दिली का, दुष्परिणाम सांगितले का, आणि ते झाल्यास काय करायचे हे सांगितले का. तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण हाच निर्देशांक. हे प्रश्न इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरने विचारू नयेत, कारण तिच्यासमोर बहुतेक जणी संकोचाने ‘सगळं छान’ असेच म्हणतात.

किती स्त्रिया साधनावर टिकून राहाव्यात याचे उद्दिष्ट कर्मचाऱ्यांना कृपया ठरवून देऊ नका. वरून लादलेल्या उद्दिष्टांमुळे स्त्रियांवर किती दडपण आले, हे आपल्या देशाने पाहिले आहे आणि म्हणूनच 1996 मध्ये ती पद्धत अधिकृतपणे सोडण्यात आली. तांबी काढून मागणाऱ्या बाईला ‘अजून थोडे दिवस राहू दे’ म्हणून परत पाठवले, तर कागदावर तीसुद्धा टिकलेली लाभार्थीच ठरते. म्हणून तांबी काढण्यासाठी किती जणी आल्या आणि त्यांपैकी किती जणींची त्याच दिवशी काढली, याची नोंद आपल्या वहीत अवश्य ठेवावी.