महिना किती, हे विचारूच नकोस

बाय,

रविवारी तू मालवणहून देवगडला आलीस, पडवीत लॅपटॉप उघडून तुझा रापणीचा गेम दाखवलास, किनाऱ्यावरून माणसं दोराने जाळं ओढतात तो, आणि निघताना विचारलंस, "चित्रकाराला महिन्याला किती देऊ?" मी नीट उत्तर दिलं नाही. राग आला होता. तुझा नाही, त्या प्रश्नाचा. तोच प्रश्न विचारून मी एकदा बुडालोय.

महिना किती, ते सोड. काम किती, ते मोज.

तुझा रापणकरी घे. तो चार दिशांना चालतो. एका दिशेची चाल हलती दिसायला 6 चित्रं धर, झाली 24. मग तो दोर ओढतो, पागाचं जाळं फेकतो, वाळूत पडतो. चार हालचाली म्हणजे 96 चित्रं, एका माणसाची. तुझ्या दोराला आठ माणसं आहेत. म्हणजे 768. आणि तू म्हणतेस, "दोनतीन महिन्यांत होईल." कशावरून गो? वहीत लिहिलंस का कुठे? सगळ्यांची अंगकाठी एकच ठेवलीस आणि लुंगी-टोपीचे रंग तेवढे बदललेस, तर 96 मध्येच भागतं. हे चित्रकार ठरवणार नाही, तुलाच ठरवायचंय. आणि मोजायला बसल्याशिवाय ते सुचतच नाही.

मी मोजलं नव्हतं. आंब्याचे पैसे नुकतेच घरात आले होते, बाबांनी विश्वासाने हातात ठेवले आणि मी माझ्या गेमसाठी महिन्याच्या बोलीवर चित्रकार घेतला. सात महिने तो मन लावून काढत होता आणि मी रोज नवीन काहीतरी सांगत होतो. पैसे संपले तेव्हा किल्ला तयार होता, दीपगृह तयार होतं, भरतीची लाट तर अशी उतरली होती की अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण पहिली पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येत नव्हती. मी त्याचे पैसे बुडवले असं लोक बोलले. बुडवले नाहीत. शेवटचा हप्ता दोन महिने उशिरा गेला, पण पुरता गेला. तुला हे सांगायचं कारण नव्हतं, तरी सांगतो, मला ते अजून लागतं.

म्हणून आधी एकच चाल काढून घे, त्या 24 चित्रांची. त्याचे पैसे रोख दे, फुकट नमुना मागू नकोस. किती दिवस लागले ते लिहून ठेव आणि मग गुणाकार कर. पुढचेही पैसे नगावर दे. खलाशांना देतात तशी मोठी उचल देऊन बसू नकोस.

मैत्रिणीला कोडिंगसाठी पगाराऐवजी हिस्सा देणार म्हणालीस. कशातला? स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, गेम लावायला 100 डॉलर भरावे लागतात. विक्री 1000 डॉलरवर गेली की ते परत मिळतात. पण शंभरातले 30 स्टीम ठेवतं, वर कर आहेत. हिस्सा त्याआधीचा की नंतरचा? तुझा खर्च वजा करून की न करता? रापणीत जाळ्याचा वाटा किती, ओढणाऱ्याचा किती, हे मासळी वाळूवर यायच्या आधी ठरलेलं असतं. तुझ्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय आणि तू मला म्हणतेस, मैत्रीत हिशेब कसा करायचा!

आणि लिहून घे. बाहेरच्या माणसाने केलेला कोड किंवा संगीत निव्वळ पैसे दिले म्हणून तुझं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुझा गेम तर जगभर विकायचाय. संगीताचा असा कागद मी केला नव्हता, म्हणून ते गाणं मला आज कुठेच वापरता येत नाही.

गेम बनवायच्या इंजिनाची चिंता नको, गोडो हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विक्रीत वाटा मागत नाही.

हिशेबाने मजा जाते, असं तू म्हणालीस. माझी मजा गेली ती हिशेब न केल्याने. तुझ्या त्या पहिल्या दृश्यात पहाटे दोर ताणला जातो आणि पाण्यातून जाळं वर येतं, ते पाहून मी गप्प झालो होतो. ते अर्धवट राहू नये म्हणून एवढं लिहिलं. 31 जुलैला मासेमारीची बंदी उठते, मग भाऊ होडीवर जाणार आणि घरचं तुझ्यावर येणार. त्याआधी वही भर. एक रकाना चित्रांचा, एक आवाजांचा, एक पातळ्यांचा. चित्रकाराला तोवर फोन करू नकोस. वही झाली की घेऊन ये, चारनंतर मी घरीच असतो.