वाचक विचारतात: गेममध्ये टिकतो, रिकामा बसला की रिस्टार्ट होतो

या वेळी टपाल सगळं ओव्हरक्लॉकिंगचंच (प्रोसेसर, रॅम ठरलेल्या स्पीडपेक्षा वर पळवणं) आलंय, सेमिस्टरच्या सुट्ट्या लागल्या वाटतं. अकोल्याच्या पत्राला जास्त जागा दिलीये कारण त्यात बाकीच्या अर्ध्या पत्रांची उत्तरं आहेत.

दादा, माझ्याकडे रायझन 5 5600एक्स आहे, बी550 बोर्ड, 16 जीबी रॅम, कूलर डब्यातून आला तोच. एक व्हिडिओ बघून कर्व्ह ऑप्टिमायझरला (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) सगळ्या कोअरवर निगेटिव्ह 30 टाकलं आणि बूस्ट प्लस 200 केला. सिनेबेंचची लोड टेस्ट दहा मिनिटं बिनधास्त पास, गेमही तीन-तीन तास चालतात. पण नुसती गाणी लावून जेवायला गेलो की स्क्रीन काळी आणि रिस्टार्ट. त्याआधी 1.4 व्होल्ट फिक्स करून 4.7 गिगाहर्ट्झ लावून बघितलेलं, तेव्हा सिनेबेंचमध्येच 95 डिग्री. बाबा म्हणतात लाईटचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर आणू. आणायचा का?
इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, अकोला

नको रे, बाबांचे पैसे वाचव. लाईट या वेळी तरी निर्दोष दिसतेय, पण माझ्यावर विश्वास नको ठेवूस, मशीनलाच विचार. इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्समध्ये सिस्टीम, आणि रिस्टार्ट झाला त्या वेळेच्या आसपास बघ. कर्नल-पॉवर 41 तर दिसेलच, पण तो फक्त एवढंच सांगतो की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला, लाईट गेली तरी तोच येतो. त्याच्याबरोबर व्हीया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) आणि इव्हेंट 18 दिसला तर मात्र तक्रार थेट प्रोसेसरची आहे. तिथे एपीआयसी आयडी (APIC ID) म्हणून एक नंबर असतो, तो दर वेळी लिहून ठेव. तोच तोच नंबर आला की समज एकच कोअर रडतोय.

आता जेवायला गेल्यावरच का? सिनेबेंच चालू असताना सहाही कोअर कामाला लागलेले असतात, वॅट सगळ्यांत वाटून घ्यावे लागतात, चिप गरम असते, त्यामुळे स्पीड आपोआप खाली येतो आणि त्या स्पीडला तू दिलेलं कमी व्होल्टेज पुरून जातं. गाणी वाजत असताना काय होतं, पाच कोअर झोपलेले, एखादाच क्षणभर जागा होतो, थंडगार असतो, आणि उसळी मारून थेट वरच्या टोकाला जातो. तू ते टोक 200 मेगाहर्ट्झने अजून वर नेऊन ठेवलंयस आणि खालून व्होल्टेज काढून घेतलंयस. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट, म्हणजे 30 आकड्यांत 90 ते 150 मिलिव्होल्ट गेले. पडणारच की तो.

म्हणजे सिनेबेंच पास झालं याचा अर्थ फक्त सिनेबेंच पास झालं.

मी काय करतो ते सांगतो. आधी सगळं डिफॉल्टवर आण आणि दोन दिवस तसाच वापर, डिफॉल्टवरही रिस्टार्ट होत असेल तर भानगड वेगळीच आहे, मग रॅम आणि पॉवर सप्लाय बघावे लागतील. नीट चालला तर फक्त एक्सएमपी चालू कर (रॅमला तिच्या डब्यावर लिहिलेल्या स्पीडला नेणारी बायोसमधली सेटिंग, आसुसच्या बोर्डवर डीओसीपी नावाने सापडेल), पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट86 टाकून रात्रभर सोड. एकही एरर चालत नाही, "एकच आली हो" असं नसतं. हे झाल्याशिवाय प्रोसेसरला हात लावू नकोस, नाहीतर उद्या क्रॅश झाला की रॅम की प्रोसेसर हे तुला ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

मग बायोसमध्ये पीबीओमध्ये (एएमडीच्या बूस्टच्या सेटिंग्ज) जा. बूस्ट ओव्हरराइड शून्य. कर्व्ह ऑप्टिमायझर ऑल कोअर, निगेटिव्ह 10, एवढंच. त्यावर कोअरसायक्लर नावाचं फुकटचं टूल चालव, ते एका वेळी एकाच कोअरवर प्राइम95 ही जड गणितांची टेस्ट चालवतं, डिफॉल्टला प्रत्येक कोअरवर सहा मिनिटं, म्हणजे तुझ्या सहा कोअरची एक फेरी 36 मिनिटांची. रात्री लावून झोप, निदान दहा-बारा फेऱ्या होऊ देत. पास झालं की मग पर कोअरवर ये. रायझन मास्टरमध्ये सगळ्यात चांगल्या कोअरवर चांदणी दिसते, आणि गंमत अशी की हे हुशार कोअरच सहसा कमी निगेटिव्ह सहन करतात, कारण तेच सगळ्यात वर पळतात. त्यांना 5 ते 10 वर ठेव, बाकीच्यांना 15, मग 20, एका वेळी एकच बदल. जो कोअर एरर देईल त्याचे चार-पाच आकडे परत दे. शेवटी सगळं पास झालं तरी मी अजून दोन आकडे सोडून देतो, कंजूषपणा नको तिथे. आणि त्यानंतर आठवडाभर रोजचं वापरायचं, गाणी, क्रोम, स्लीपमध्ये टाकून उठवणं, हीच खरी टेस्ट.

1.4 व्होल्टचं विसरून जा. दोन तोटे. एक म्हणजे पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबात वाढते, त्याच स्पीडला 1.2 चं 1.4 केलंस तर 36 टक्के जास्त उष्णता, आणि ती काढायला तुझ्याकडे तो छोटा रेथ स्टेल्थ कूलर, ज्याला तांब्याचा एक पाइपही नाही. दुसरं, सगळे कोअर एकाच स्पीडला बांधले की एकेकट्या कोअरचा बूस्ट मेला. उलट डिफॉल्टला मॉनिटरिंग टूलमध्ये क्षणभर 1.45 दिसलं म्हणून घाबरू नकोस, ते हलक्या कामात दिसतं, करंट तेव्हा नगण्य असतो आणि लोड आला की चिप स्वतः खाली उतरते. तू फिक्स करतोस तेव्हा ती उतरूच शकत नाही, हा फरक.

राहिला अकोल्याचा उन्हाळा. प्रोसेसरवरचा एअर कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, खोली जेवढी तापते तेवढाच जवळपास प्रोसेसर वर चढतो. डिसेंबरात 22 डिग्रीच्या खोलीत 75 दिसत असेल तर मे महिन्यात 42 च्या खोलीत तेच सेटिंग 95 ला टेकतं, आणि 95 हीच या चिपची मर्यादा. म्हणून तापमानाची टेस्ट भर दुपारी कर, खोलीतला पंखा-कूलर बंद ठेवून, रात्री एसीत केलेल्या तापमानाच्या टेस्टला अर्थ नाही. पॉवर लिमिट कंपनीने ठेवलेत तेच राहू देत, पीपीटी (एकूण पॉवर) 76 वॅट, टीडीसी (सलग करंट) 60 अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंट) 90 अँपिअर. पीबीओमध्ये थर्मल लिमिट 85 टाकून दे. यात स्पीड फार वाढणार नाही हे आधीच सांगतो, पण त्याच कामाला चिप थंड राहते, फॅन गप्प बसतो, आणि आपल्याकडे तेच जास्त कामाचं.

बायोसच अडकला तर पीसी बंद, वायर काढ, पॉवरचं बटण दोनदा दाब, मग बोर्डवरचं नाण्याएवढं सेल पाच मिनिटं काढून परत लाव. आणि हो, पीबीओ असो की एक्सएमपी, एएमडीच्या वॉरंटीत ते बसत नाही, बाबांना हे तूच सांग.

लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग करते. रॅम 3200 ची आहे, भाऊ म्हणतो 3600 वर पळेल. करू का?
सांगली

ताई, पळेलही. प्रोसेसर रायझन 5000 असेल तर 3600 आणि फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट) 1800 ही जोडी बहुतेक वेळा जमते. पण तुमचं मशीन पोटापाण्याचं आहे, तिथे नको. माझंच सांगतो, मी हौसेने 3733 केली होती, गेम नीट, विंडोज नीट, टेस्ट करायचा कंटाळा केला. महिन्याभराने भाच्याच्या मुंजीचे फोटो उघडले तर काहींचा खालचा अर्धा भाग राखाडी, भिक्षावळीतला एक फोटो तर असा की बटूचं डोकं आहे आणि खाली पट्टे. कॉपी होताना रॅमने मधलाच एखादा बिट उलटा केला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. क्रॅश झाला असता तर परवडलं असतं. बरं, कार्ड मी तोवर फॉरमॅट करून मोकळा, बहीण ते अजून उकरून काढते. तुम्ही 3200 चं एक्सएमपी, 1.35 व्होल्ट, मेमटेस्ट एक रात्र, आणि बस्स.

आय5 12400एफ आणि बी660 बोर्ड. मल्टिप्लायर सापडत नाही.
कल्याण

सापडणार नाही, लॉक आहे. इंटेलला मल्टिप्लायर वाढवायचा तर नावात के हवा आणि बोर्ड झेड चिपसेटचा हवा. बी660 वर रॅम मात्र वाढवता येते, एक्सएमपी लावा. आमच्या वेळी म्हणजे 1998 ला सेलेरॉन 300ए होता, त्याचाही मल्टिप्लायर 4.5 वर लॉकच, पण बस (तिच्या वेगाला मल्टिप्लायरने गुणलं की प्रोसेसरचा स्पीड मिळतो) 66 ची 100 केली की 300 चा थेट 450, दीडपट, फुकट. आता कंपन्या तो दीडपट स्वतःच आधी पिळून घेतात आणि बूस्ट म्हणून विकतात, आपल्याला उरतो चोथा.

14700के घेतलाय. किती वर नेऊ?
पुणे

आधी बायोस अपडेट करा, मग बोलू. इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीत व्होल्टेज जास्त मागून चिप हळूहळू खराब व्हायचा दोष निघाला होता, त्यावर ऑगस्ट 2024 मध्ये 0x129 आणि पुढे सप्टेंबरमध्ये 0x12बी हे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या दुरुस्त्या) आले, वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज हा पर्याय निवडा आणि तिथेच थांबा, या चिपवर व्होल्टेज चढवायला मी तरी सांगणार नाही.

रॅम 3200 ची म्हणून घेतली, सीपीयू-झेडमध्ये 1600 दिसतंय. दुकानदाराशी भांडून आलोय.
नांदेड

अरेरे. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून 1600 दिसलं की झाली 3200. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरीवर जा, तिथे 3200 च लिहिलेलं असेल. दुकानदाराला आता चहा पाजा. हां, सीपीयू-झेडमध्ये 1200 किंवा 1333 दिसलं असतं तर एक्सएमपी बंद आहे असं म्हटलं असतं, तेही दुकानदाराचं पाप नाही, बायोसमध्ये एक क्लिकचं काम आहे. आणि दोन काड्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, तेवढं झाकण उघडून बघून घ्या.