जोहान्सबर्गहून बोत्सवाना, नामिबिया फिरून परत: साठी ओलांडलेल्या मिशनरी जोडप्याने गाडीने जाताना काय सांभाळावं?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: काका-काकू, वय 67 आणि 64, जोहान्सबर्गजवळच्या एका मिशनमध्ये सेवेला आहेत. जून-जुलैत तीन आठवडे सुट्टी आहे. मिशनचीच सेडान घेऊन कुरुमान, बोत्सवाना, व्हिक्टोरिया धबधबा आणि नामिबिया करून परत यायचं आहे. पासपोर्ट भारतीय. हे जमण्यासारखं आहे का, आणि काय काळजी घ्यावी?

जमण्यासारखं आहे. गाडी डावीकडूनच चालवायची असते आणि खाली दिलेल्या मार्गावर जवळजवळ सगळीकडे डांबर आहे. घरच्यांना भीती सिंहांची आणि चोरांची वाटते, पण माझ्या मते या वयाच्या लोकांची सहल बिघडते ती दोन गोष्टींनी: गाडीचे अपुरे कागद आणि सूर्यास्तानंतरचं ड्रायव्हिंग.

आधी कागद. गाडी मिशनच्या नावावर आहे, म्हणजे सीमेवर ती परक्याची गाडी. मिशनच्या लेटरहेडवर पत्र हवं. त्यात दोघांची नावं, पासपोर्ट क्रमांक, गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, कोणकोणत्या देशांत न्यायला परवानगी आहे ती नावं आणि तारखा, सगळं लिहिलेलं असावं. तारखा परतीच्या दिवसापुढे आठवडाभर ठेवा, कारण गाडी कुठे बिघडून चार दिवस गेले तर मुदत संपलेलं पत्र निरुपयोगी ठरतं. नोंदणीपत्राची प्रत पोलीस ठाण्यात साक्षांकित करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं वेगळं पत्र लागतं. विमा कंपनीकडून त्या-त्या देशाचं नाव घालून विमा लागू असल्याचं लेखी घ्या. फोनवरच्या ‘हो, चालेल’ला अर्थ नाही. गाडी दोघांपैकी कोणीही चालवणार असेल तर पॉलिसीत दोघांची नावं हवीत. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातल्या आरटीओकडूनच मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. तिकडे जाऊन वर्ष झालं असेल तर तो संपलेला असणार, ते आजच बघा.

दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसात मल्टिपल एंट्री (पुन्हापुन्हा प्रवेश) आहे ना, हे शब्द प्रत्यक्ष वाचून खात्री करा. सिंगल एंट्री असेल तर बोत्सवानात शिरल्यावर दक्षिण आफ्रिकेत परत येता येणार नाही. बोत्सवाना, नामिबिया आणि झिम्बाब्वे या तिघांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि या मार्गात बोत्सवानात तीनदा प्रवेश होतो. पासपोर्टमध्ये किमान सहा-सात कोरी पानं असू द्या.

मिशनरी मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. पर्यटक म्हणून शिरून वाटेतल्या चर्चमध्ये संदेश देणं हे काम धरलं जाऊ शकतं. उपासनेला बसायला हरकत नाही. बोलायचं असेल तर तिथल्या चर्चकडून आधी परवान्याचं विचारून घ्या. गाडीत वाटण्यासाठी पुस्तकं असतील तर शीर्षक, संख्या, किंमत अशी यादी करून जाहीर करा. वापरलेले कपडे आणि दान करायची औषधं नेऊच नका. चांगल्या हेतूने नेलेल्या खोक्यांपायी कस्टमच्या खिडकीवर दिवस जातो.

आता मार्ग. पहिला मुक्काम कुरुमान, सुमारे 540 किलोमीटर. हे एका दिवसात नको. फ्रायबर्गला एक रात्र काढा. कुरुमान वाकड्या वाटेवर आहे, तरी ते वगळू नका. रॉबर्ट आणि मेरी मॉफट या ब्रिटिश मिशनरी जोडप्याने इथे आयुष्य घालवलं. सेत्स्वाना या स्थानिक भाषेतलं संपूर्ण बायबल 1857 मध्ये इथेच छापून पूर्ण झालं. 1838 चं दगडी चर्च उभं आहे. 1870 मध्ये दोघं पंचाहत्तरीला टेकलेली असताना त्यांनी हे ठिकाण सोडलं. तुमच्या काका-काकूंना तिथे अर्धा दिवस तरी द्या. मग माहिकेंग आणि रामाटलाबामा सीमेवरून बोत्सवानाची राजधानी गॅबरोन. तिथून पश्चिमेला, कान्ये रस्त्याजवळ, कोलोबेंग आहे. मिशनरी आणि शोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि त्यांची बायको, मॉफटांची मुलगी मेरी, 1847 ते 1852 इथे राहिले. आता घराचा पाया आणि थडगी एवढंच उरलंय, त्यांच्या तान्ह्या मुलीचंही त्यात आहे. सावली फार नाही, म्हणून सकाळी जा.

पुढे गॅबरोन ते फ्रान्सिसटाउन 430, तिथून नाटा 190, आणि नाटा ते कसाने 300. या शेवटच्या तुकड्याला कुंपण नाही आणि हत्ती सरळ रस्त्यावर येतात. नाट्याला टाकी पूर्ण भरा, कारण मध्ये पांडामाटेंगाशिवाय भरवशाचं काही नाही. हत्ती दिसला तर लांबच थांबा, इंजिन चालू ठेवा, मागे सरकायला जागा ठेवा, हॉर्न वाजवू नका. पिल्लू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला असेल तर मधून गाडी मुळीच घालू नका.

धबधब्यासाठी माझा आग्रह: गाडी कसानेच्या लॉजवर ठेवा आणि लॉजच्याच गाडीने व्हिक्टोरिया फॉल्सला जाऊन या, अंतर सुमारे 80 किलोमीटर. कारण असं की दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, नामिबिया, लेसोथो आणि इस्वातिनी यांचं एक कस्टम युनियन आहे. त्याच्या आत गाडीचा तात्पुरता आयात परवाना काढावा लागत नाही. झिम्बाब्वेत शिरलं की तो परवाना, कार्बन कर, तिथला थर्ड पार्टी विमा आणि रस्ता शुल्क मागे लागतं, आणि बाहेर पडताना परवाना जमा करायचा राहिला तर प्रकरण मिशनच्या नावावर जातं. एका दिवसासाठी हे कशाला? अमेरिकन डॉलरच्या लहान नोटा मात्र जवळ ठेवा, सुटे मिळत नाहीत. जूनमध्ये पाणी भरपूर असतं, तुषारांनी अंग भिजतं; पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

परतीला न्गोमा सीमेवरून नामिबियातलं कटिमा मुलिलो. चोबे अभयारण्यातून जाणारा रस्ता डांबरी आहे, फाटकावर नोंद करावी लागते. कटिमा ते रुंडू 510 किलोमीटर, दिवुंडूला मुक्काम करून दोन दिवसांत घ्या. रुंडू ते ग्रूटफोंटेन या वाटेवर पशुरोग नियंत्रणाचं नाकं लागतं. कच्चं मांस, दूध वगैरे तिथे काढून घेतात, तेव्हा डबा आधीच रिकामा करा. मग एटोशा अभयारण्य, नामिबियाची राजधानी विंडहुक, गोबाबिस, आणि ट्रान्स-कलहारी रस्त्याने पुन्हा बोत्सवानात घान्झी, कांग, लोबात्से. घान्झी ते कांग पावणेतीनशे किलोमीटर जवळजवळ निर्मनुष्य आहेत. एकूण बेरीज सुमारे 5000 होते. दिवसाला 400 ची मर्यादा पाळली तरी तीन आठवड्यांत विश्रांतीचे सात-आठ दिवस उरतात.

नामिबियातलं वाळूच्या टेकड्यांचं सॉसुसफ्लाय मात्र या गाडीने नको. तिकडचे रस्ते खडीचे आणि शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू. खडीवर चाकांच्या दोन पट्ट्यांमध्ये सैल खड्यांची वरंबी साचते. ओव्हरटेक करताना चाक तिच्यात गेलं की गाडी घसरते, माणूस घाबरून स्टिअरिंग झटकन उलटं फिरवतो आणि गाडी उलटते. समोर कोणी नसतानाही असे अपघात होतात. जायचंच असेल तर विंडहुकहून टूर घ्यावी. एटोशातही आतले रस्ते खडीचे आहेत, पण तिथे वेग 60 च्या आत असतो.

अंधाराबद्दल: जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो, जोहान्सबर्गला साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो. डांबर रात्री ऊब धरून राहतं, म्हणून गाढवं, गुरं त्यावर येऊन उभी राहतात, आणि कुडू हरीण दिव्यांच्या झोतात थेट उडी मारतं. साठीनंतर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात ते वेगळंच. सकाळी आठला निघा आणि दुपारी तीनला मुक्कामी पोचा. काही लहान सीमानाकी सहाला, काही चारलाच बंद होतात. ओलांडायचं ते दुपारच्या आत ओलांडा.

निघण्याआधी स्टेपनीतली हवा बघा आणि चारही चाकांचे नट एकदा हाताने सैल करून परत आवळा. गॅरेजवाले ते मशीनने इतके घट्ट करतात की रस्त्यात काकांना ते सुटणार नाहीत. पान्यावर घालायला अडीच-तीन फूट लांबीचा लोखंडी पाइप, 12 व्होल्टचा हवा भरायचा पंप, दोन लाल त्रिकोण, दोन चमकती जाकिटं आणि 20 लिटर पाणी असू द्या. गावाच्या वेशीवर वेगमर्यादा 120 ची 80 आणि मग 60 होते, पोलीस रडार घेऊन नेमके तिथेच असतात. दंड झाला तर पावती घ्यावी.

औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, आणि लागतील त्याहून दहा दिवसांची जास्त. कसाने, झांबेझी नदीचा पट्टा आणि उत्तर नामिबिया इथे मलेरिया आहे, थंडीत कमी असला तरी. अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल घेतलं तर एक-दोन दिवस आधी सुरू करून तिथून निघाल्यावर सात दिवस चालू ठेवायचं. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्रवास विम्यात हवाई रुग्णवाहिका हवीच, कारण कसान्याच्या लहान रुग्णालयात हृदयविकाराचा मोठा झटका सांभाळता येणार नाही. बोत्सवानात रुग्णवाहिकेचा क्रमांक 997, दक्षिण आफ्रिकेत 10177. दोन्ही कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मोबाइलची बॅटरी संपलेली असू शकते.