नोबिताची आई आणि घरातलं ताट

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा रोज 'डोरेमॉन' बघतो. परवा ताट उचल म्हटलं, तर म्हणाला, "नोबिताची आईच सगळं उचलते." टीव्ही बंदच करू का?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, बंद नका करू, त्याच्या शेजारी बसून बघा. ही जपानी चित्रकथा १९६९ साली सुरू झाली. बाबा ऑफिसात, आई घरात, हे तिथल्या तेव्हाच्या मध्यमवर्गीय घराचं चित्र. सगळ्या जगाचं नव्हे. पाकिस्तानात २०१३ मध्ये आलेल्या 'बुरका अ‍ॅव्हेंजर' या कार्टूनची नायिका शाळेत शिकवते आणि मुलींची शाळा बंद पाडणाऱ्यांशी लढते! मला ती फार आवडते.

आणि लांब कशाला, तुमच्या सोलापूरचा पूर्वभागच बघा. कितीतरी घरं विड्या वळणाऱ्या बायकांच्या कमाईवर चालतात. सुपात पानं घेऊन दारात बसलेली शेजारची मावशी त्याला रोज दिसते. कार्टून चालू असतानाच विचारा, "नोबिताची आई पैसे कमावते का रे? आणि मावशी?" त्याला बोलू द्या, मध्येच शिकवायला जाऊ नका.

ताट मात्र आजपासून त्याचं त्यानंच उचलायचं. त्याच्या बाबांनीही.