भारतात ट्रेडमार्क आहे, तरी दुबईला मसाला पाठवताना तिथे पुन्हा नोंदणी लागते का? लेबलच्या कॉपीराइटचं काय?

लागते. आणि "आधी माल खपतो का बघू, मग करू" असं घरात कोणी म्हणत असेल तर त्याला हे उत्तर वाचायला द्या.

आमचा कांदा-लसूण मसाला आहे, सातारा जिल्ह्यातला. इथली नोंदणी क्लास ३० मध्ये, म्हणजे मसाले ज्यात येतात त्या ट्रेडमार्कच्या वर्गात, सगळं रीतसर. दुबईची पहिली ऑर्डर आली तेव्हाच मी म्हटलं होतं, तिथे आपल्या नावाने अर्ज टाकू. थोरल्या भावाचं तिथल्या डिस्ट्रीब्युटरबद्दल म्हणणं, "माणूस चांगला आहे, घरी जेवून गेलाय. अविश्वास दाखवल्यासारखं होईल." त्या चांगल्या माणसाने जाताना लेबलची फाइलही पेनड्राइव्हवर नेली, तिकडच्या जाहिरातीसाठी म्हणून. पुढे तो पैसे थकवायला लागला. आम्ही दुसरी पार्टी धरली, आणि तिचा पहिलाच कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात अडकला. तक्रार जुन्याचीच. आमचं नाव, नऊवारीतली बाई, तिच्यापुढचं उखळ, सगळं जसंच्या तसं त्याने तिथे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे कागदोपत्री नकली माल आमचा! भारताचं सर्टिफिकेट दाखवून काही होत नाही, तिथलं रजिस्टर काय म्हणतं तेवढंच बघतात.

शेवटी सौदा झाला. त्याने मार्क आमच्या नावावर करून दिला, आम्ही त्याच्याकडची उधारी सोडली. दादा आजही ती रक्कम बुडीत खात्यात धरतो. मी म्हणतो ती ट्रेडमार्कची किंमत आहे, आणि वेळेवर अर्ज केला असता तर तिच्या पासंगालाही पुरला नसता इतका खर्च आला असता.

हा हक्क त्या त्या देशापुरताच असतो. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये 'प्रियस' या गाडीच्या नावावरून टोयोटालाही हेच ऐकवलं: जगात नाव असेल, पण त्या वेळी भारतात तुमची ओळख होती हे दाखवा. टोयोटाला ते जमलं नाही, तिथे आपल्या मसाल्याचं काय घेऊन बसलात.

तुमचं नशीब चांगलं. एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची सोय म्हणजे माद्रिद प्रोटोकॉल; भारत २०१३ पासून त्यात आहे आणि २०२१ च्या डिसेंबरअखेर यूएईसुद्धा आलं, त्यामुळे भारतातल्या अर्जावर इथूनच ऑनलाइन यूएई मागता येतं. मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, मार्क रंगीत असेल तर ९०३, देशाची फी वेगळी. भारतातला अर्ज ताजा असेल तर ६ महिन्यांच्या आत तिकडे टाका, तारीख इथली धरतात.

लेबलच्या चित्राला बर्न करारामुळे (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) बाहेरही नोंदणीशिवाय कॉपीराइट मिळतो. पण वकिलाचा पहिला प्रश्न असतो, चित्र काढलं कोणी आणि त्याचा कागद कुठे आहे? आमच्या डिझायनरला दादाने रोख पैसे दिले होते, कागद नाही. लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क तुमच्या नावावर केल्याचा कागद, घ्या आणि त्यात मुदत आणि 'संपूर्ण जग' हे शब्द घाला. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. एक्स्पोर्टवाल्याला असा कागद असून नसल्यासारखा.

मी वकील नाही, फी बदलत असते, भरण्याआधी तपासा. आणि हो, माद्रिदची नोंदणी पहिली ५ वर्षं इथल्या मूळ अर्जावर टांगलेली असते. इथला अर्ज पडला तर तिकडचीही जाते. माल एकाच देशात जाणार असेल तर तिथे थेट अर्ज करण्याचाही विचार करा.

राहिला डिस्ट्रीब्युटरचा करार. मार्क आमचा, तू कुठल्याही देशात तो स्वतःच्या नावावर नोंदवणार नाहीस, असं कलम त्यात हवंच. अशाने पार्टी बिचकते हे दादाचं पालुपद. आत्ताच्या पार्टीने ते कलम वाचलं, पेमेंटला किती दिवस मिळतील एवढंच विचारलं आणि सही केली.