गाजरं वाकडी, दुपायी का निघतात? आणि मातीतल्या पांढऱ्या अळीचं काय करायचं?

वाकडी गाजरं खायला काही वाईट नसतात, आधी ते सांगतो. किसली की हलव्यात कोण विचारतंय!

फाटे फुटतात ते बहुतेक वेळा खडा, ढेकूळ किंवा अर्धकच्चं शेणखत आडवं आल्यामुळे. रोपं उपटून दुसरीकडे लावलीत तरी तेच होतं. गाजर, मुळा जागेवरच पेरा, माती फूटभर भुसभुशीत करा आणि वेळेवर विरळणी करा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर मात्र तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा बारीक जंत. तिथे पुढच्या हंगामात झेंडू लावा.

इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी म्हणजे हुमणी. माझ्याकडे ती कच्च्या शेणखतातूनच आली होती. एका कुंडीत अकरा! खत पसरून चाळा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. (साळुंक्यांना दिल्यात तर त्या रोज हजर.) मातीत निंबोळी पेंड मिसळा, प्रादुर्भाव जास्त असेल तर मेटारायझियम (अळ्यांना मारणारी बुरशी) ओलसर मातीत द्या. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे हिचेच आईबाप, तेव्हाच फांद्या हलवून गोळा करा.