डबीवरचा ससा नीट बघ

अगं, मेकअपच्या डबीवर ‘प्राण्यांवर तपासलेलं नाही’ असं सुचवणारा ससा दिसला की लगेच भुलू नकोस. ससा कुणीही छापतो. मीही वर्षभर अशीच एक लिपस्टिक वापरली, ससा नुसता शोभेचा निघाला. ‘लीपिंग बनी’ या प्रमाणपत्राचं चिन्ह शोध, तिथे कच्चा माल पुरवणाऱ्यांचीही तपासणी होते. आणि क्रूएल्टी-फ्री (प्राण्यांवर न तपासलेलं) म्हणजे व्हीगन (प्राण्यांपासून काढलेलं काहीच नसलेलं) नव्हे हं! घटकांत ‘सीआय ७५४७०’ दिसलं तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला.

‘मग प्राण्यांवर न तपासता सुरक्षित आहे हे कळतं कसं?’ असं कुणी विचारेलच. पूर्वी सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून जळजळ बघायचे. आता मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेवर तो लावतात आणि किती पेशी जगल्या ते मोजतात. युरोपीय संघाने प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर २०१३ मध्येच बंदी घातली.

घरातल्या जुन्या डब्या मात्र फेकू नकोस, आधी संपव.